रोवणा सरल्यावर धारेवर

ब्रह्मपुरी, १८ जुलै

ती. बायनाबाईस,
कुंताचा शि. सा. न.

बाई, फोनवर तुझा आवाज नुसता भुणभुण येते, म्हणून लिहून राह्यली. डाक्टर म्हणते, डावा कान गेला, उजवाही जाईल. मशीन लावली, पण तिच्यात माणसं कमी अन् भांडीच जास्त वाजतात. उजवा जायच्या आधी मले आपल्या जंगलातल्या, कड्यावरून पडणाऱ्या धारेचा आवाज एकदा ऐकायचा आहे. आठवते का, धानाची रोपं लावून रोवणा सरला की मायच्या मागं निघत होतो. अर्ध्या वाटेवरच धार ऐकू येई.

माझा निकेश म्हणते, पावसात तिकडचा रस्ता बंद होते, दिवाळीनंतर गाडीनं नेतो. पोरगं खोटं नाई बोलत. काय करू?

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी लहानी बहीण कुंता

कोसमटोला, २४ जुलै

चि. कुंतास,
बायनाबाईचा अ. आ.

नात निशा म्हणे, आजी, पत्र मी वाचून देते. दिलं नाई. मी चौथीपर्यंत शिकली ते कशाले?

निकेशले सांग, दिवाळीनंतर धार म्हणजे म्हाताऱ्या बैलाचं मुतणं. तेवढं ऐकाले ब्रह्मपुरीचा नळ पुरे. नाल्याले पूर यायच्या आत बसमध्ये बस. रस्ता बंद झाला तर राहशील इथीच, तुले कोणतं ऑफिस आहे?

अन् रीत विसरली असशील तर ऐक. धानाच्या शेवटच्या बांधीतला चिखल घरी धुवायचा नाई, धारेखालीच धुवायचा. कोऱ्या अंगानं तिथी कोणी बाई जात नाई. तू चार रोपं तरी खोसशील, मगच नेईन.

लोभ ठेव, भेव ठेवू नको.
बायना

कोसमटोला, ८ ऑगस्ट

चि. निकेशले,
मावशीचा आशीर्वाद.

तुले न पुसता माय आली म्हणून तू फुगला, असं निशा सांगत होती. फुग. माय खुशाल आहे.

काल रोवणा सरला. तुझी माय सुनेची नवी साडी नेसून बांधीच्या धुऱ्यावर, चिखलाच्या काठाले उभी. मी ढकललं नाई, तिचा पाय घसरला. गावभर उलटं सांगत फिरून राह्यली.

मग आम्ही बाया चिखलासकट निघालो. अर्ध्या वाटेवर आम्हाले धार ऐकू आली. तुझी माय थांबली, माझ्या तोंडाकडं पाहत राह्यली. मी म्हटलं, अजून दूर आहे, चाल.

धारेपाशी तिची मशीन शिट्या मारू लागली. काढून माझ्या चंचीत ठेवली, भिजली नाई, जीव खाली ठेव. त्या पाण्याखाली कोणालेच कोणाचं ऐकू येत नाई. आम्ही साऱ्या हातवारे करून थकलो. तुझ्या मायले मात्र सारं समजत होतं! वर्षभरात ओठ वाचाले शिकली ती. आमच्यातली आशाबाई तिच्या साडीवरून काही पुटपुटली, तर हिनं तिथंच तिले पाण्यात बसवलं. आम्ही बहिऱ्या, अन् ती एकटी कानाची. लय हासली. आमची माय गेल्यापासून मी तिले असं हासताना पाहिलं नव्हतं.

परतताना पुसलं, ऐकला आवाज? म्हणाली, हो बाई, साफ ऐकला.

खोटं बोलताना ती पदर चोळते. काल चोळत होती. मी म्हटलं, बरं झालं.

नाल्याले पूर आहे, बस सुरू झाली की पाठवतो. घरी येऊन ती तुलेही तेच सांगन. तू हो म्हणजो.

राग सोड, माया धर.
तुझी मावशी बायना