दोर धरणारा नात्यातला नसावा

मु. चिचटोला, जि. भंडारा
ता. ११ एप्रिल १९७९

सौ. जनाबाईस,
धाकट्या यादोरावचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझ्या रुखमिणीला मुलगी झाल्याची खबर तुमसरच्या मोटारीच्या कंडक्टरनं मोटार थांबायच्या आधीच ओरडून दिली. हॉटेलात बसलेल्या सगळ्यांना चहा पाजावा लागला. बाळ-बाळंतीण बरे आहेत ना? पोरीचा आवाज खणखणीत असेल तर ती आपल्या घराण्यावर गेली समज.

इकडे सगळं ठीक. तुझी गाय दूध देते. भाऊजी जेवायला आमच्याकडेच येतात. भाजीत मीठ कमी असल्याचं माझ्या गोदावरीला रोज सांगतात आणि भात दोनदा मागून घेतात.

आपलं जंगल राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा फाटक आलं. आता फाटकावर पाटी आली : कड्यावर विनापरवाना चढण्यास सक्त मनाई. नागपूरची कॉलेजची पोरं दोर, डोक्यावरची कडक टोपडी घेऊन आली होती, त्यांनाही परत धाडलं. पण कड्यावरचं मोहोळ उतरवायचा परवाना आपल्या भाऊजींना मिळाला. फोटो लावलेला, शिक्क्याचा. खिशात घालून हिंडतात. तुझ्या लग्नातही एवढे ताठ चालले नव्हते.

बाई, मी आडरस्त्यानं लिहून राहिलो हे तुझ्या ध्यानात आलंच असेल.

परवान्यावर दोन नावं लागतात. एक चढणाऱ्याचं, दुसरं वर बसून दोर धरणाऱ्याचं. भाऊजींना कचेरीत मीच घेऊन गेलो. साहेब माणूस चांगला, माझ्याच हॉटेलातला चहा पितो. त्यानं विचारलं, "यादोराव, हे तुझे कोण?"

मी छाती फुगवून म्हणालो, "साहेब, मी त्यांचा सख्खा साळा!"

मला वाटलं, झालं काम. आपल्याकडे दोर साळ्याच्याच हाती देतात, हे कोणाला सांगावं लागतं का? बहिणीचं कुंकू ज्याच्या हातात, तो हात सोडत नाही. साहेबानं पेन उचललं आणि माझ्या नावावर आडवी रेघ मारली. नियम असा की दोर धरणारा नात्यातला नसावा. नातेवाईक एकमेकांची चोरी झाकतात म्हणे.

मी हसून पाहिलं, हात जोडून पाहिलं. साहेब म्हणाला, "नियम मी केला नाही रे." आता ज्यानं नियम केला नाही, त्याच्याशी भांडायचं कसं? रेशनपासून सोयरिकीपर्यंत गावाची कामं याच जिभेनं केली मी. त्या दिवशी तिचं चाललं नाही.

भाऊजींना म्हणालो, "यंदा राहू द्या."

"काहून? यंदा नाही चढलो तं परवाना रद्द. मंग कडा कायमचा बंद. आन् दोराले नातं समजते का बे? दोर तं दोर असते."

"पन वरतून तुमच्यासंग बोलन कोन?"

"तू तरी काय बोलतं? झोपून तं राहतं वरतं!"

हसले. पण हसू अर्ध्यावर अडकलं, ते मला ऐकू आलं. तुला ठाऊक आहे, कड्यावर लटकले की ते मला शिव्या घालतात, मी उलट घालतो. "साळ्या, मेला का बे?" "तुमी पडले तं बाई मले जित्ता सोडन का?" लोकांना तमाशा वाटतो. पण मला वरून माणूस दिसत नाही, आवाजच दिसतो. तो कापला की माश्या चावल्या, तुटला की पाय सुटला. दोर मी त्या आवाजावर ओढतो.

माझ्या जागी श्रावण आहे, फाटकावरचा चौकीदार. अंगानं दणकट, मनानं सरळ. मी त्याला म्हणालो, "खालून शिव्या येतीन. उत्तर देत राहजो."

"उद्यानात मोठ्यानं बोलाले मनाई आहे जी."

"तुले बहीन आहे का?"

"नाही जी. आमी पाचही भाऊच."

चढणं येत्या रविवारी आहे, तेही भर उजेडात, कारण अंधारात आत जायला बंदी. उजेडात आग्यामाशी कशी चवताळते ते तुला सांगायला नको. मला कड्याखालीही उभं राहू देणार नाहीत. मी फाटकाबाहेर. तुला कळवू नको म्हणून भाऊजींनी शपथ घातली होती, ती हे लिहून मोडली.

त्यांना अडव असं म्हणत नाही. माझ्यानं झालं नाही, तुझ्यानंही होणार नाही. तू फक्त शनिवारच्या मोटारीनं ये आणि श्रावणच्या मनगटाला राखी बांध. राखीची पुनव लांब आहे, लोक हसतील, हसू दे. त्याला ओवाळ, समोर बसवून जेवू घाल, भाऊ म्हणून हाक मार. राखीचं नातं साहेबाच्या नियमात नातं धरत नाहीत, मी विचारून घेतलं. दोर धरताना त्याच्या डोळ्यांपुढे तुझं तोंड असावं, एवढंच. मी तिथंच बाजूला उभा असेन. माझ्याकडे पाहू नको.

पत्र कंडक्टरच्या हाती देतो. रुखमिणीला आशीर्वाद, नातीला मुका.

तुझा, आता दोघांतला एक भाऊ,
यादोराव