अणदूर की इंदूर

धाराशिव,
मार्गशीर्ष वद्य ३, शके १८६४

तीर्थरूप दादांस,
बब्रुवानाचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र चुकून आलं असं समजून परत पाठवू नका. पाकिटावर 'बलभीमराव पाटील, अणदूर' मीच लिहिलंय आणि विचार करून लिहिलंय.

आम्ही खुशाल आहोत. वहिनींचा गुडघा थंडीत दुखत असेल. रानातली ज्वारी निसवली असेल. आपला खंडोबा नळदुर्गाला गेल्याचं इथं कळलं. मला त्या देवाचं नेहमी नवल वाटतं. एका सालात दोन गावांत राहतो, दोन्ही गावं त्याला आपला म्हणतात आणि तू मूळचा कुठला, असं त्याला कुणी विचारत नाही. माणसाला विचारतात. मला विचारलं, आणि उत्तर असं निघालं की तुमचा भाऊ गैरमुलकी ठरला! निजामाच्या मुलखाबाहेरचा, परका. हसून घ्या, मग पुढं वाचा.

सभेत बोलायला मला सरकारनं मनाई केलीय, हे गावचे पाटील म्हणून तुमच्या कानावर आलंच असेल. त्यामुळं मी सध्या घरी वाचत बसतो, चार पोरांना शिकवतो आणि भिंतींना भाषणं देतो. घर चालतं द्वारकेच्या नोकरीवर. मुलींच्या शाळेत तिला हंगामी घेतलंय. कायम व्हायचं तर मुलकीचा दाखला लागतो, म्हणजे ही बाई याच मुलखातली आहे असा कागद. ती तर होळकरांच्या इंदूरची. पण कायदा असा आहे की नवरा मुलकी असला की बायकोही मुलकी. माझा दाखला तिच्या अर्जाला जोडायचा, एवढंच काम. मुदत संक्रांतीपर्यंत. मुदत चुकली तर शाळेतून तिचं नाव कमी होणार. इंदूरच्या जुन्या शाळेनं तिला परत बोलावलंय. मग ती तिकडं आणि मी इकडं. दुसरं काही मला दिसत नाही.

आणि माझा दाखला हरवलाय. हसू नका म्हणत नाही, हसाच. मी तो पुस्तकात खूण म्हणून घालत होतो. कुठल्या पुस्तकात, ते आठवत नाही. माझी पुस्तकं उमरग्यापासून परंड्यापर्यंत लोकांच्या घरी पसरलेली. सगळीकडं जाऊन विचारलं. परंड्याच्या एका दुकानदारानं मला फ्रेंच राज्यक्रांतीच्या पानात चहापत्ती बांधून दिली, आणि पान ओळखून मी ओरडलो तर म्हणाला, "मास्तर, तुमीच म्हनला होता की, इचार घरोघरी गेला पायजे." दाखला काही मिळाला नाही.

तेव्हा नक्कल मागितली. माझा नकलेचा आणि तिचा दाखल्याचा, दोन्ही अर्ज मीच लिहिले, उर्दूत, अगदी ठेवणीतल्या अक्षरात. माझं जन्मगाव अणदूर, तिचं इंदूर. पुढच्या आठवड्यात गेलो, तर जाफरसाहेब म्हणून तिथले कारकून आहेत, ते दोन्ही कागद शेजारी ठेवून बसलेले.

"काय मास्तर, नवराबायको एकाच गावचे? बचपन की पहचान?"

म्हटलं, "नाही हो. ती इंदूरची, मी अणदूरचा."

"वही तो! दोघं इंदूरचे."

"मी अणदूर लिहिलंय."

"कुठं? वाचून दाखवा."

मी कागद हातात घेतला आणि दादा, मला ते वाचून दाखवताच येईना. उर्दू लिहिताना 'अ' आणि 'इ' वेगळे दाखवायची खूण कुणी देत नाही. आपला 'ण' त्या लिपीत नाहीच, तिथं साधा 'न'. अणदूर लिहा, इंदूर लिहा, अक्षर न् अक्षर एकच! लहानपणापासून मी आपल्या गावाचं नाव उर्दूत लिहितोय, शाळेच्या पाटीवर लिहिलं, तुमच्या सरकारी कागदांवर लिहिलं, आणि हे कधी दिसलं नव्हतं. खरं सांगतो, नोकरीची काळजी विसरून मी ते दोन शब्द नुसता बघत राहिलो. ती कुठं जन्मली, मी कुठं जन्मलो, मध्ये दोन राज्यं आणि किती नद्या. कागदावर मात्र आमच्यात तसूभरही अंतर नाही.

जाफरसाहेब म्हणाले, "जबान लई लंबी तुमची मास्तर, आन् कलम कंजूस. अलिफावर एक जबर मारला असता तर काय हात झिजला असता?" जबर म्हणजे 'अ'ची खूण.

"मग आता मारतो."

"आता? साहेबांची सही झाली. इंदूरचा आदमी, गैरमुलकी, अर्ज नामंजूर. आता गावच्या पाटलाला आणा. त्यानं इथं येऊन जबाब द्यायचा की हा आमच्या गावचा."

गावचा पाटील माझा कोण लागतो, ते मी त्यांना सांगितलं नाही.

तेव्हा एकदा या. भाऊ म्हणून या असं मी म्हणत नाही. पाटील म्हणून, सरकारी काम म्हणून या. मी गावात जन्मलो एवढं खरं सांगा. बाकीचं तुम्हाला कुणी काही विचारणार नाही.

आपला,
बब्रुवान


धाराशिव,
मार्गशीर्ष वद्य १२

ती. दादांस,
साष्टांग नमस्कार.

आपल्या गावची कोंडाबाई इथं बाजाराला आली होती, तिनं तुमचा निरोप जसाच्या तसा सांगितला, तुमच्या आवाजासकट. "त्याला म्हनावं, तू हितं जल्मला हे सांगाया माजं काय जातंय? येतो. पर त्यो कचेरीत नगं. आन् त्या बाईचं मला इचारायचं न्हाय."

मी कचेरीत येणार नाही. तुमचा शब्द मान्य.

पण दुसरं मान्य करता येत नाही. मागच्या पत्रात शेवटी मी लिहिलं की बाकीचं कुणी विचारणार नाही. विचारणार आहेत, आणि लिहिताना मला ते ठाऊक होतं. जबाबात दोन प्रश्न असतात. पहिला माझ्याबद्दल. दुसरा असा, की द्वारकाबाई नावाची ही बाई कोण? आमचं लग्न इंदूरला लागलं, तिथले साक्षीदार इथं चालत नाहीत. या मुलखात ते सांगणारं माणूस एकच, आमच्या घरातलं वडील माणूस. ते तुम्ही.

इथं मी पानभर लिहून फाडून टाकलं. ते पत्र नव्हतं, भाषण होतं. विधवेच्या लग्नाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते मी अणदूरच्या पारावर म्हणालोय, लातुरात म्हणालोय, बार्शीला दगड खात म्हणालोय, आणि मनाई उठली की परत म्हणेन. त्यातला एक शब्द मी मागं घेत नाही. लोकांना सांगितलं तेच घरात केलं, विधवा द्वारकेशी लग्न लावलं. तुम्ही तेव्हा म्हणालात, "तुजं भाषण मळ्यात कर, बैलं ऐकत्यात. ह्या उंबऱ्याच्या आत नगं." त्यावर माझ्याकडं उत्तर होतं आणि मी ते दिलं. आपल्यात बोलणं तिथंच थांबलं.

आज मात्र उत्तर देण्याचा विषय नाही. मला एवढंच विचारायचंय की जाफरसाहेबांनी दुसरा प्रश्न विचारला तर तुम्ही काय म्हणाल. 'भावाची बायको' हे दोनच शब्द आहेत. ते तुम्हाला म्हणता येतील का?

हे पत्र मी द्वारकेला वाचून दाखवलं. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना असं कोंडीत धरू नका. पाटील माणूस आहेत, कधी खोटं बोलले नाहीत असं तुम्हीच सांगता. त्यांच्या मनात मी तुमची बायको नसेन, तर माझ्या नोकरीसाठी त्यांनी का म्हणावं?"

"मग तू इंदूरला जाशील?"

"गाडी कुठून सुटते ते मला माहीत आहे," म्हणाली, आणि पुढची वही उघडली.

ती तिथं हजर असेल. अर्जदार बाईनं समक्ष यावं लागतं. वऱ्हांड्यात बांबूच्या कामट्यांचा चिकाचा पडदा आहे, त्यामागं बायका बसतात. तुमच्यासमोर ती येणार नाही, तिनंच तसं सांगितलंय.

आपला,
बब्रुवान


धाराशिव,
पौष शुद्ध ६

ती. दादांस,

दोन्ही दाखले हातात आले. द्वारका कायम झाली. शाळेतल्या बायकांनी तिला पेढे मागितले, तिनं गूळ-शेंगदाणे वाटले. ती कुठंही जात नाही.

माझ्या नावापुढं जाफरसाहेबांनी अलिफावर एवढा मोठा जबर ओढलाय की लांबून कावळा बसल्यासारखा दिसतो. मी अणदूरचा, याबद्दल आता तुमच्या खंडोबालाही शंका घेता येणार नाही.

काम झालं. आता हे पत्र का, ते सांगतो.

काल मी कचेरीत जाऊन तुमचा जबाब वाचला. पहिला भाग सरळ आहे. दुसऱ्या प्रश्नाखाली तुमच्या नावावर एकच ओळ आहे. भावाची बायको, असं तीत नाही. माझी कुणी नव्हे, असंही नाही. लिहिलंय ते एवढंच, की ही बाई, आणि पुढं तोच शब्द, 'ची आहे'. तोच, जबर नसलेला, अक्षर न् अक्षर तोच! साहेबांनी अणदूरची असं वाचलं, पाटलानं आपल्या गावची म्हटलं म्हणजे घरची झाली, असं धरलं आणि सही ठोकली.

मी जाफरसाहेबांना विचारलं, "पाटील तोंडानं काय म्हणाले? अणदूर म्हणाले की इंदूर?"

"कागज समोर आहे ना मास्तर? तुम्हाला वाचता येतं."

"वाचता येत नाही म्हणून तर विचारतोय. तुम्ही ऐकलंत, तुम्हीच लिहिलंत."

"मग जबर का नाही मारला, तेही विचारा." आणि हसून पान तोंडात टाकलं. "मियाँ, मी लिहिणारा. बोलणारा तुमचा भाई आहे. दोघांना एक गाव, एक माँ-बाप, आन् बात करायला बीचमध्ये मी पायजे?"

मी घरी आलो. द्वारका पडद्यामागं होती, तिनं ऐकलंय. तुमच्या तोंडचा 'अणदूर' मला माहीत आहे. तो 'ण' तुम्ही असा घट्ट म्हणता की उखळात दाणा फुटावा. तुम्ही उच्चारलेली ही दोन गावं बहिऱ्यालाही वेगळी कळतील. म्हणजे तिला पक्कं ठाऊक आहे. मी विचारलं. सांगेना. विनवणी केली, वाद घातला, उभा राहून हातवारे करून बोललो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही त्यांना दोन पत्रं लिहिलीत, दोन्ही कागदासाठी. आता कागद झाला. आता काही नको असताना लिहा आणि त्यांनाच विचारा. मी तुमच्या दोघांमधली चिठ्ठी नाही."

म्हणून विचारतो.

रात्रभर मी हा शब्द उलटसुलट करून पाहिला. तुम्ही इंदूर म्हणाला असाल, तर खरं तेच बोललात. ती तिथलीच आहे. मागं इंदूर वाचणारे साहेब आता तोच शब्द अणदूर वाचणार, हे तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही, आणि तुमच्या एका खऱ्या बोलण्यानं, तुमच्या मनाविरुद्ध, ती इथं राहिली. त्यात मला रागवायला जागा नाही.

अणदूर म्हणाला असाल, तर सरकारी जबाबात तुम्ही पहिल्यांदाच खोटं बोललात. की बोलला नाहीत? लग्न झालेल्या बाईचं गाव कोणतं, असं कुणाही म्हातारीला विचारा. ती माहेरचं नाव सांगत नाही. वहिनी तुळजापूरच्या, पण त्यांना कुणी तुळजापूरच्या म्हणतं का? मग तुम्ही जे बोललात ते त्या दोन शब्दांपेक्षा मोठं होतं. मी तुमच्याकडं भावाची बायको एवढंच मागितलं होतं. तुम्ही तिला अख्खं गाव दिलं.

मी सभांमध्ये हजार माणसांना प्रश्न विचारत आलो, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या एकाच्याही उत्तराची मी वाट पाहिली नाही. उत्तर मला आधीच ठाऊक असायचं. हा पहिला प्रश्न असा आहे, की ज्याचं उत्तर मला खरोखर माहीत नाही आणि हवं आहे.

पत्र संपवताना द्वारकेला विचारलं, "तुझा नमस्कार लिहू का?" आजवर तिनं कधी लिहू दिला नव्हता. कुठल्या नात्यानं लिहायचा, म्हणायची. आज म्हणाली, "लिहा."

म्हटलं, "कुणाला म्हणून लिहू? पाटलांना?"

"भाऊजींना लिहा," म्हणाली आणि चुलीकडं गेली.

यावरून तर्क करता येईल. तर्क करण्यात मी कमी नाही, तुम्ही जाणता. पण दादा, मला तर्क नको. लिहूनही पाठवू नका, लिहिलेल्याचा मला आता भरवसा राहिला नाही. बाजाराच्या दिवशी या. शाळेच्या मागच्या बोळात तिसरं दार आमचं. या, बसा, पाणी प्या, आणि तो एक शब्द माझ्यासमोर तोंडानं म्हणा. कोणताही असो. तुमचं बोलून होईपर्यंत मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही.

द्वारकेचा भाऊजींना व वहिनींना नमस्कार.

आणि माझा, जो बोलायचा थांबून ऐकायला बसला आहे, त्या तुमच्या धाकट्या भावाचा,
बब्रुवान