गुड्डीची चूरी

चंदीगड, मंगळवार संध्याकाळ

लाज वाटतेय. बसवरच्या गोळीबारात आईबाप गेलेली सहा वर्षांची गुड्डी आठ दिवस आमच्या बालगृहात धड जेवत नव्हती. फाइलमध्ये मीच लिहिलं, 'हट्टी'. तिच्या आजीला विचारावं, असं वाटलंच नाही. अडाणी म्हातारी, ती काय सांगणार? वा गं शहाणे!

आज कर्फ्यू उठला आणि आजी पिंजौरहून आपणहून आली. गरम पोळी तूप-साखरेत कुस्करून तिने चूरी केली. आपला मलिदाच की! गुड्डी खातच सुटली.

"आधी का नाही सांगितलंत, बीजी?" मी हिंदीत विचारलं.

"पुछिया ही किसे ने नहीं, पुत्त."

गुड्डीने कुठे राहायचं, ते उद्या बालगृहाच्या समितीत ठरेल. आधी बीजींना विचारायचं. 'हट्टी' खोडलं मी. मी खोडत असतानाच गुड्डीने शेवटचा घास माझ्या तोंडात भरवला.