जनूचा पट्टा

२ जून, पेण

आलो एकदाचा! कंपनीतलं वर्षाचं कंत्राट संपलं तेव्हा वाटलं होतं, आता बसा बोंबलत. पण महिपतीशेठनी गणपतीच्या कारखान्यात घेतलं. गोण्या उचलायच्या, साचे भरायचे. वर स्वतंत्र खोली. आई गेल्यापासून एकटाच आहे, तेव्हा खोलीत काय आणि घरात काय. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या मैनामावशीने चहा पाजला.

१४ जून

उजव्या जांघेत आवळ्याएवढी गाठ. शेठ हसले. म्हणाले, हर्निया, इथे निम्म्यांना आहे, सीझनभर पट्टा बांधायचा, विसर्जनानंतर ऑपरेशन. खोलीत खिळ्याला एक पट्टा होताच, माझ्याआधीच्या जनूचा. दुकानातली तीन भोकं, पुढे टोकाकडे त्याने तापल्या खिळ्याने पाडलेली दोन. मला पहिल्यावर घट्ट बसला.

३० जून

गाठ वाढतेय, पट्टा सैल करून तिसऱ्या भोकावर. बाकीच्यांची गाठ आडवं झालं की आत जाते म्हणे. माझी दाबली तरी हलत नाही. दुखतही नाही. सांगणार कुणाला?

९ जुलै

चौथं. शेवटी मावशीला सांगितलं. तिने ब्रश खाली ठेवला. "आमच्या ह्यांची निजल्यावर आत जायची रे. जनूची नाय गेली कधी."

तिने सांगितलं, जनूला विसर्जनानंतर ऑपरेशनला नेलं. तो हर्निया नव्हताच. पोटाच्या आतून वाढत आलेली गाठ होती, डॉक्टरांनी पोट उघडून तसंच शिवलं. तो आता कुठे असतो, विचारलं. मावशी परत डोळे आखायला लागली.

१२ जुलै

डॉक्टरांनी बराच वेळ दाबून पाहिलं. हे आतडं वाटत नाही, लगेच स्कॅन करा, सोबत कुणाला तरी आणा, म्हणाले. शेठ म्हणतात, गणपतीला दीड महिना राहिलाय, आत्ता माणूस कुठून देऊ. स्कॅनच्या फॉर्मवर सोबत्याच्या नावाची जागा रिकामीच आहे. मला फार भीती वाटते.

२५ जुलै

पाचवं. स्कॅन नाही. रोज म्हणतो उद्या जाऊ —

सोबत येशील का, मावशीला विचारायला गेलो. ती मूर्तीचा डोळा आखत होती. तसाच परत आलो.

२ ऑगस्ट

पाचवं पुरत नाही. पुढे भोक नाही. नुसता डाग — अर्धवट जळलेला. जनू इथवरच पोचला.

खिळा तापलाय. त्याच डागावर धरला. आरपार जाईपर्यंत मी तो काढला नाही. सहावं.