नीलवेणीचे अकरा दिवस

३ जून, मंगळवार

आज प्रभाकर सारांनी माझा सीव्ही नोकरीच्या क्लासात मोठ्यानं वाचला. अर्ध्या मिनिटात संपला. मेहनती. प्रामाणिक. शिकण्याची तयारी. छंद – वाचन, गाणी ऐकणे. सारांनी कागद उलटा करून बघितला, मागे काही लिहिलंय का म्हणून. चाळीस पोरं हसली.

"काय गं, नोकरी शोधतेस की नवरा?"

मग सारांनी फळ्यावर लिहिलं – अनुभव नाही म्हणून रडू नका. आयुष्यात एक तरी काम केलं असेल ना? किती माणसं होती, किती दिवस, काय अडलं, तुम्ही काय केलंत – एवढं लिहा. स्वतःला चांगलं म्हणू नका. काम सांगा, चांगलं आम्ही म्हणू.

मी काय केलंय? गावी हणमकोंड्यात तीन वर्षं कॉलेजात गेले आणि घरी आले. बी.कॉम., सेकंड क्लास. अम्मानं कधी पाण्याचा पेला उचलू दिला नाही, पोरगी शिकतेय म्हणून. आता त्या लाडाचं काय लिहू?

अमीरपेठेतल्या या क्लासांच्या गल्लीत सगळ्यांच्या हातात तोच कागद. चहावाल्यालासुद्धा फॉन्ट कळतात.

४ जून

हॉस्टेलच्या खोलीत नवी मुलगी. नीलवेणी. गोदावरीकाठचं चिंतगुंपु नावाचं खेडं. तेल थापलेली वेणी, सामान खताच्या पोत्यात, आणि गोंगुऱ्याचं, म्हणजे अंबाडीचं लोणचं – अख्खी खोली आंबली. आल्या आल्या मला 'अक्का'. सहा महिन्यांनी लहान आहे फक्त! बोलणं इतकं रांगडं की शेजारच्या खोलीतल्या पोरी तिच्याकडून मुद्दाम एकेक वाक्य वदवून घेतात. तिला वाटतं, तिची चौकशी करतायत.

मीही हसले.

६ जून

सारांनी आज कुणालाच काही म्हटलं नाही. मला तेवढं विचारलं, "काही केलंस का आयुष्यात, मंगळवारपासून?"

८ जून, रविवार

गच्चीवर कपडे धुताना नीलवेणी बोलत होती. मी नुसतं हूं हूं करत होते, मग बादली बाजूला ठेवून ऐकायला लागले.

तीन वर्षांपूर्वी नदी गावात शिरली. सगळं गाव शाळेच्या वरच्या मजल्यावर. तीनशे माणसं, अकरा दिवस. हेडमास्तर आधीच सासुरवाडीला पळालेले, शाळेची किल्ली नीलवेणीच्या घरी. हिनं बायकांच्या पाच टोळ्या केल्या. पाणी उकळणाऱ्या वेगळ्या, रांधणाऱ्या वेगळ्या. पोटुशी कोण, बाळंतीण कोण, साखरेचा आजार कुणाला – सगळं फळ्यावर. लहान पोरं आधी जेवणार, पुढारी शेवटी. सहाव्या दिवशी तांदूळ संपत आले तर होडीवाल्याशी भांडून पलीकडच्या गावातून आणवले. वय एकोणीस.

सातव्या दिवशी तिचे आजोबा गेले. बाहेर सगळीकडे पाणी, नेणार कुठे? होडी परत येईपर्यंत दोन दिवस एका कुलूपबंद वर्गात ठेवले, बाकांच्या मागे, चादर टाकून. गावात कुणाला कळू दिलं नाही, पोरं घाबरतील म्हणून. चेहरा कोरडा ठेवून रांधलं.

"पप्पू केलं त्या दिवशी, डाळीचं," म्हणाली. "ताताला आवडायचं. तीनशे लोक जेवले, अक्का. ताताचं तेराव्याचं जेवण आधीच झालं म्हणायचं."

आणि कपडे पिळायला लागली.

मी खाली येऊन हे सगळं लिहून काढलं. इथे नाही. दुसऱ्या कागदावर.

९ जून

नीलवेणी म्हणाली, अक्का, माझा सीव्ही लिहून दे ना, माझं इंग्रजी कच्चं आहे. पुराचं लिहू का, असं तिनंच विचारलं.

मी म्हणाले, "अजिबात नको. भीक मागितल्यासारखं दिसतं. शहरातल्या लोकांना मढ्याबिढ्याचं वाचवत नाही."

"हो का," म्हणाली. लाजली बिचारी.

मी लिहून दिलं. मेहनती. प्रामाणिक. छंद – वाचन. तिनं कागदावरून हात फिरवला. लोणच्याची अख्खी बरणी मला दिली.

लिहिताना वाईट वाटलं असं इथे लिहायला हवं. नाही वाटलं.

१२ जून

माझा नवा सीव्ही. 'आईच्या माहेरी, चिंतगुंपु येथे पुराच्या काळात तीनशे लोकांच्या निवाऱ्याचं आणि स्वयंपाकाचं व्यवस्थापन, अकरा दिवस.' खाली चार ओळी, चारी ओळींत आकडा. मेहनती वगैरे एक शब्द नाही.

सारांनी मोठ्यानं वाचला. कुणी हसलं नाही.

"बघा रे, याला म्हणतात सीव्ही. आणि इतके दिवस हिनं लपवून ठेवलं होतं!"

मागच्या बाकावरच्या एका आगाऊ मुलानं पहिल्यांदा माझं नाव विचारलं. बरं वाटलं. खोटं का लिहू, फार बरं वाटलं.

सारांकडे नीलवेणीची बॅच संध्याकाळची आहे. काळजी नाही.

१७ जून

शाळांना जेवण पुरवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत जागा निघालीय. एकच. पदवी हवी, अनुभव नको, माणसं हाताळता आली पाहिजेत. मी अर्ज टाकला.

नीलवेणीनंही टाकला म्हणे. संध्याकाळच्या बॅचला सार म्हणाले, स्वतःला जे खरं वाटतं ते लिहा. मी विचारलं, मी दिलेलाच पाठवलास ना? तिनं मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. तिची मान अशीच हलते.

२६ जून, गुरुवार

मुलाखत. मृदुला मॅडम म्हणून एक जण, पांढरी साडी, चष्मा केसांत खोचलेला. सगळे प्रश्न पुराचेच. टोळ्या कशा पाडल्या, भांडणं कशी मिटवली. मला सगळं पाठ होतं. मग म्हणाल्या, सर्वांत अवघड काय गेलं?

मी ताताचं सांगितलं. माझे ताता म्हणून.

बाकांच्या मागे ठेवल्याचं सांगताना खरंच डोळ्यांत पाणी आलं. कुठून आलं, देव जाणे. मॅडमनी स्वतः उठून पाणी दिलं. गावातला एखादा फोन नंबर मागितला, तर म्हणाले, आजीआजोबा गेल्यावर आमचं तिथे कुणी उरलं नाही.

१ जुलै

झालं! निवड झाली. अम्मा फोनवर रडली, नान्ना नुसते खोकत राहिले.

नीलवेणीला बोलावणं आलंच नाही. ती सामान बांधत होती. गावी परत. मी म्हणाले, तुझंही होईल गं कुठेतरी, प्रयत्न सोडू नकोस. तिनं पोत्याचं तोंड बांधलं, दोनदा गाठ मारली.

दारात थांबून म्हणाली, "सौजन्या, तिथं पोरांना गरम जेवण जातं ना शाळेत?"

जातं म्हणाले. बरं, म्हणाली.

अक्का म्हणाली नाही. महिनाभर अमीरपेठेत राहिली, लागलं वारं.

७ जुलै, सोमवार

कामाचा पहिला दिवस. टेबल, खुर्ची, गळ्यात ओळखपत्र. दुपारी लिंबूभात.

८ जुलै

मृदुला मॅडम जेवताना सहज म्हणाल्या, "तुझ्यासारखाच दुसरा एक सीव्ही आला होता. तेच गाव, तेच अकरा दिवस. इंग्रजी मोडकंतोडकं. तुझ्या मुलाखतीनंतर मी तिला फोन लावला, तुझं नाव, तुझ्या ताताचं सगळं सांगितलं, विचारलं, दोघींतलं खोटं कुणाचं? तर म्हणाली, 'तिचंच खरं धरा. मेलेल्या म्हाताऱ्यावरून मला हुज्जत घालायची नाही.' बघ, चोरून वर तोरा!"

मी म्हणाले, असतात अशा मुली.

पुन्हा कधीही बोलवायचं नाही अशा लोकांची एक यादी आहे, आमच्याच सगळ्या शाखांना जाते. आजपासून ती माझ्याकडे. पहिलं नाव मॅडमनी सांगितलं. मी टाईप केलं.