खडकावरची कालवं

प्रिय इंगविल्ड,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी विचारशील, कोण गेलं? कोणी गेलेलं नाही. तुझा आजा बाहेर धक्क्यावर बसून शेजारच्या कित्तिलला मासेमारीच्या थापा मारतोय. पण त्याचा पाय बरा नाही, आणि किती बरा नाही ते आम्ही तुला ईस्टरला सांगितलं नाही. फोनवर सांगायची सोय नाही, कारण फोन स्वयंपाकघरात आणि हा माणूसही एरवी दिवसभर स्वयंपाकघरातच. डोळे अधू झाले तरी कान कोल्ह्याचे आहेत. म्हणून लिहिते. चुका काढत बसू नकोस. आमची शाळा एक दिवसाआड असायची, आणि हेरिंग माशांच्या टोपल्या आल्या की तो दिवसही बुडायचा.

आपला पोहायचा खडक तुला आठवत असेलच. तुझ्या कमरेला दोर बांधून आजा वर उभा राहायचा आणि तू हातपाय झाडत त्याला शिव्या द्यायचीस. एवढ्याशा पोरीला इतक्या शिव्या येतात कुठून, असं मी तुझ्या आईला विचारलं, तर म्हणाली, "तुझ्याकडूनच की!" तेव्हा खडकाच्या पाण्यातल्या अंगाला निळ्या शिंपल्यांचा नुसता गालिचा होता. एकमेकांना धाग्यांनी धरून बसलेले, दाट, काळेनिळे. पाय टेकला की घसरायची भीती नव्हती. पाहुणे आले की मी बादली घेऊन खाली जायची आणि बटाटे शिजायच्या आत परत यायची. तुझी आई तिथे पोहायला शिकली, तू तिथे शिकलीस, निम्मी वस्ती तिथे शिकली, सगळी आजाच्याच दोरावर.

पहिलं कालव कित्तिलने आणलं. बुटाच्या तळव्याएवढं, वेडंवाकडं, कडा फुटक्या बशीसारख्या. हे आपल्याकडचं नाही, दक्षिणेकडून प्रवाहाबरोबर आलंय, म्हणाला. आम्ही लिंबू पिळून खाल्लं. आजाने गिळलं आणि म्हणाला, "सर्दी झाली की मला हे घरीच मिळतं." खूप हसलो. पुढच्या उन्हाळ्यात ती धक्क्याच्या खांबांवर आली, मग बोटीच्या साखळीवर, मग खडकावर. पूर्वी खाडी गोठायची, बर्फ खडक खरवडून जायचा आणि असलं उपरं काही टिकायचं नाही. आता बर्फ धरतच नाही. शिंपले मात्र कमी होत गेले. कोणी म्हणतं खेकड्यांनी खाल्ले, कोणी म्हणतं पाणी गरम झालं, कोणी म्हणतं रोग आला. नक्की कोणालाच सांगता येत नाही, पण बोलतात सगळे.

मग दोन वर्षांपूर्वी वस्तीने श्रमदान ठरवलं, खडक साफ करायचं. जुलैत. कारण उन्हाळी घरांतली शहरी मंडळी जुलैतच असतात, आणि माणसंच नसली तर सॉसेज भाजायचे कोणासाठी? समुद्र संशोधन केंद्रातली, दोन वेण्या घातलेली एक मुलगी आली होती. ती म्हणाली, आत्ता नका फोडू, आत्ता ती अंड्यांनी भरलेली आहेत, सगळं पाण्यात पसरेल, हिवाळ्यात करा. त्यावर प्रेबेन, तो ऑस्लोचा वकील, म्हणाला, "अहो ताई, हिवाळ्यात इथे येणार कोण? तुम्ही आणि बगळे?" झालं. पहारी आणि हातोडे घेऊन सगळे पाण्यात उतरले. मी वॅफल भाजत होते, तिथून दिसत होतं. खडकाभोवतीचं पाणी दुधासारखं पांढरं झालं. प्रेबेनला ते इतकं सुंदर वाटलं की त्याने फोटो काढले. कालवांची फुटकी कवचं तिथेच पाण्यात ढकलून दिली. नंतर त्या मुलीने सांगितलं, कालवांच्या पिलांना बसायला जुन्या कवचांसारखी दुसरी जागा आवडत नाही. म्हणजे आम्ही बाळंतपणही केलं आणि पाळणाही बांधून दिला. पुढच्या वर्षी खडक दिसेना. नुसती सुरीसारखी पाती.

आजाच्या पायांत साखरेमुळे जाणीव उरलेली नाही, हे तुला ठाऊक आहे. मी त्याला पाण्यात घालायचे रबरी बूट आणून दिले. म्हणाला, "कॉड मासा बूट घालतो का?" मी म्हटलं, "कॉडला साखर नसते, तारल्ड." बूट अजून दाराशी आहेत, आत कोळी राहतो. मागच्या ऑगस्टमध्ये एके सकाळी तो पोहून आला, कॉफी प्याला, रेडिओवर हवामान ऐकलं, आणि मी वळून बघते तर दारापासून टेबलापर्यंत लाल पावलं. त्याने फरशीवर वाकून बघितलं आणि मलाच विचारलं, "हे कोणाचं?"

ती जखम भरलीच नाही. फेब्रुवारीत दोन बोटं काढली. सर्दी आहे असं तुला सांगितलं, ते हेच. तरी पोहायला जातोच, पायाला पावाची पिशवी बांधून. मी टॉवेल लपवला, तर सदऱ्याने अंग पुसून आला. दाराला कुलूप घातलं, तर खिडकीतून गेला आणि माझी जिरेनियमची कुंडी फोडली. आता सर्जन म्हणाली, पाय गुडघ्याखालून काढायला हवा, आणि लगेच. थांबलात तर मांडीतून जाईल, आणखी थांबलात तर पायाचा प्रश्नच उरणार नाही. पोरगी स्पष्ट बोलली, मला आवडली. आजाने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ऑगस्टमध्ये जागा आहे का?" जुलैत त्याची पणती, तुझी तिरिल, येणार, तिला पोहायला शिकवायचं, आणि एका पायाने खडकावर उभं राहता येत नाही. सर्जन माझ्याकडे बघत बसली, जणू त्याला मीच लहानाचा मोठा केलाय.

मी भांडून बघितलं. गप्प बसून बघितलं. एकदा रडून बघितलं, पण मला ते जमत नाही; नाक गळतंय का म्हणून त्याने विचारलं. तुझी आई फोनवर रडते, तिला चांगलं जमतं, त्याचाही उपयोग झाला नाही. मग परवा पाणी उतरलं तेव्हा मीच पहार घेऊन गेले. निदान उतरायची जागा तरी मोकळी करावी. कालवांचा एक गठ्ठा उचकटला, तर खाली निळे शिंपले! नखाएवढे, अंग चोरून फटींत बसलेले. वेण्यांची मुलगी म्हणालीच होती, उघड्यावरचे शिंपले खेकडे आणि बदकं संपवतात, कालवांच्या आडोशाला काही जगतात. शिंपल्यांची जागा घेतली कोणी, तर कालवांनीच, आणि शिंपल्यांच्या डोक्यावर छप्पर कोणाचं, तर तेही कालवांचंच. आता सांग, शिव्या तरी कोणाला घालायच्या? हातातला गठ्ठा परत ठेवला, तर तो बसेना. पाण्याने नेला. मी घरी येऊन बटाटे लावले.

आता तुझं काम. रविवारी दुपारी फोन कर आणि आजाला सांग, या जुलैत आम्ही येत नाही. नोकरीचं किंवा आजारपणाचं कारण देऊ नकोस, ते तो समजून घेईल आणि ऑगस्टपर्यंत वाट बघत बसेल. सांग, तिरिल ट्रॉन्डहेमच्या तरणतलावात पोहायला शिकली, तिथलं पाणी कोमट आहे, बाई छान शिकवतात, आता गरज नाही. तो पोरीला फोनवर बोलावेल, तेव्हा तिलाही हेच म्हणायला शिकवून ठेव. एवढ्या लहान पोरीला खोटं शिकवायला मी सांगतेय, मला कळतं. मग तो दोन दिवस जेवणार नाही, आणि मग हॉस्पिटलात जाईल. थांबायला कारणच उरणार नाही. मी शेजारी उभी राहून तुला वाटेल ते बोलेन, त्यातलं काही ऐकू नकोस. नंतर माफी मागायला फोन करू नकोस. पाय गेल्यावर त्याला कोणावर तरी रागवावं लागेल, तर तुझ्यावर रागवू दे. माझ्यावर रागावला तर त्याला पट्टी कोण बांधेल? सर्जन म्हणाली, त्याच्या वयात ऑपरेशनच्या टेबलावरून परत येणं नक्की नसतं. तसं काही झालं, तर तो तुझ्यावर रागावूनच जाईल, आणि ते मी तुझ्याकडे मागतेय. दुसरं काही असतं तर ते मागितलं असतं.

तुझीच,
गुनवोर आजी