जुना कॅमेरा पाठवत नाही

काराकोल, ११ ऑक्टोबर

प्रिय जोल्दोशदादा,

सलाम. आम्ही सगळे ठीक आहोत. तूही तिकडे बिश्केकमध्ये खुशाल असशील. एसेन ड्रायव्हर आपल्या फोटोच्या दुकानासमोर गाडी चालू ठेवून उभा आहे आणि दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवतोय, म्हणून अक्षर असं पळतंय.

त्यानं तुझा निरोप दिला, "तुझ्या भावाला त्याचा जुना डिजिटल कॅमेरा हवाय." वा रे दादा! चार वर्षं माझा फोन उचलत नाहीस, आणि आठवण कोणाची आली, तर त्या डबड्याची! नाही पाठवत जा. आता दुकान त्याच्यावरच चालतं. ज्या पोरी त्याला हसायच्या, त्याच येऊन विचारतात, "ताई, तो जुनावाला आहे ना? त्यात आमचे गाल आमचेच दिसतात." फोनमध्ये म्हणे सगळ्या सख्ख्या बहिणी दिसतात. काल एक जण नाकावरचा तीळ दिसलाच पाहिजे म्हणून हटून बसली होती. बटण दाबल्यावर क्षणभर उशिरा टिपायची त्याची खोड मात्र अजून गेलेली नाही. "चेहरा यायच्या आधी दाब," असं तूच शिकवलं होतंस.

पण दुकान हे खरं कारण नाही. थांब रे एसेन, आले!

बाबांच्या थडग्याच्या दगडावरून तू घर सोडलंस, आणि आपण त्यावर कधी बोललोच नाही. फोटो तू दिलास, नव्या फोनमधला. बाबांच्या कपाळावरची घोड्याच्या लाथेची खूण फोननं पुसून टाकली. कोरणाऱ्यानं काळ्या दगडावर तसाच गुळगुळीत चेहरा कोरला, आणि आई सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाली, "हा कोण परका आणून उभा केलास?" चूक तुझी होती. पण चारचौघांत तिनं असं बोलायला नको होतं. मी तेव्हाच तिला हे सांगायला हवं होतं, पण गप्प बसले. आई अजूनही तिथे गेली की दगडाकडे पाठ करून बसते.

दादा, आई बरी नाही. वर ठीक लिहिलं ते खोटं आहे. ऑगस्टमध्ये तिला बिश्केकच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. यकृत गेलंय. वसंत ऋतू दिसला तर नशीब, म्हणाले. तुझ्या गल्लीवरून गाडी गेली तेव्हा ती काचेला नाक लावून बघत होती. पण तुला कळवायचं नाही, अशी शपथ घातली तिनं मला. मोडली.

आता तिला स्वतःच्या दगडासाठी फोटो हवाय, जिवंतपणी, स्वतः पसंत केलेला. "त्या जुन्या डब्यातूनच काढ. एक जरी सुरकुती हरवली तरी थडग्यातून उठून कान पिळीन." तीन दिवस डोक्याला पांढरा रुमाल बांधून खिडकीशी बसतेय. तोंड असं करते, जणू मी तिच्या गळ्यात सडके बटाटे मारतेय.

काल मी बटण दाबलं आणि ओरडले, "आई, जोल्दोश आला!"

ती दाराकडे वळली. असा चेहरा मी तिचा जन्मात पाहिला नव्हता, आणि कॅमेऱ्यानं नेमका तोच टिपला. दारात कोणीच नव्हतं. ओतलेला चहा तसाच निवला. मग म्हणाली, "दाखव." बघत राहिली.

"चेहरा माझाच आहे गं. पण हा नको. मेल्यावरही मला दाराकडेच बघायला लावशील होय?"

मला स्वतःची लाज वाटते. तेव्हापासून एका जागी बसवत नाही, कॅमेरा हातात धरवत नाही.

तिचा फोटो तू काढायचा आहेस. कॅमेरा इथेच आहे, बॅटरी चार्ज करून ठेवते. एसेन शुक्रवारी तिकडून परत निघतो. त्याच्या शेजारची सीट तुझ्यासाठी धरायला सांगितली आहे. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. या वेळी मी ओरडणार नाही. तू नुसतं दार उघड.

आईशी खोटं बोललेली, आणि ते तू खरं करावंस म्हणून वाट बघणारी,

तुझी सालकिन